जुन्या, अनोळखी कॅमशाफ्टची ओळख : बी.एम.सी. ‘ए’ मालिकेच्या इंजिनाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मोटारीच्या इंजिनातील झडपा केव्हा उघडाव्यात, किती उघडाव्यात आणि केव्हा मिटाव्यात हे कॅमशाफ्ट ठरवतो. जुन्या मोटारींचे पुनरुज्जीवन करताना अनेकदा कोणतीही कागदपत्रे नसलेला, वापरलेला कॅमशाफ्ट हाती येतो. तो कोणत्या इंजिनाचा, कोणत्या प्रतीचा आणि पुन्हा वापरण्याजोगा आहे की नाही, हे ठरवण्याची पद्धत प्रस्तुत लेखात मांडली आहे. त्यासाठी ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या ‘ए’ मालिकेतील चार सिलिंडरांचे इंजिन उदाहरण म्हणून घेतले आहे. भागावरील क्रमांक किंवा विक्रेत्याचे सांगणे यांपेक्षा प्रत्यक्ष मोजमाप अधिक विश्वसनीय असते आणि कॅमशाफ्टचे नाव समजण्यापेक्षा त्याचे वर्तन समजणे अधिक महत्त्वाचे असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कॅमशाफ्ट, लोब, टॅपेट, झडपांचा कालमेळ, मूळवर्तुळ, पुनर्घर्षण, ‘ए’ मालिका.

प्रस्तावना

जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांमध्ये काही भाग पाहताक्षणी ओळखता येतात. पिस्टनचा व्यास मोजला की तो कोणत्या इंजिनाचा असावा याचा अंदाज बांधता येतो. कार्ब्युरेटरवर निर्मात्याचे नाव असते. कॅमशाफ्टचे मात्र तसे नाही. एकाच इंजिनासाठी बनलेले दोन कॅमशाफ्ट शेजारी ठेवले असता ते जुळ्या भावंडांसारखे दिसतात. परंतु त्यांपैकी एक रोजच्या वापरातील शांत गाडीचा आणि दुसरा शर्यतीच्या गाडीचा असू शकतो. दोहोंतील फरक मिलिमीटरच्या काही अंशांचा आणि कोनाच्या काही अंशांचा असतो. डोळ्यांना न दिसणारा हा फरक इंजिनाला मात्र पहिल्या फेऱ्यापासून जाणवतो.

चुकीची ओळख महागात पडते. तेलपंपाशी न जुळणारा कॅमशाफ्ट बसवला तर वंगण फिरत नाही आणि इंजिनाची बेअरिंगे अल्पावधीत निकामी होतात. झडपेला पूर्वीपेक्षा अधिक उचलणारा कॅमशाफ्ट तपासणीविना बसवला तर झडप पिस्टनवर आदळू शकते. झिजलेला कॅमशाफ्ट बसवला तर घासून निघालेला धातूचा कीस तेलाबरोबर सर्व इंजिनात पसरतो. दुसऱ्या बाजूने पाहता, केवळ ओळख पटत नाही म्हणून एखादा चांगला, आता सहज न मिळणारा कॅमशाफ्ट भंगारात जाणे हेही नुकसानच आहे. या दोन्ही टोकांच्या मध्ये योग्य निर्णय घेण्यासाठी क्रमबद्ध पद्धतीची गरज भासते.

उद्दिष्टे

१. कॅमशाफ्टच्या ओळखीसाठी उपलब्ध असणाऱ्या पुराव्यांचे स्वरूप व त्यांची मर्यादा स्पष्ट करणे.
२. साध्या कार्यशाळेत करता येण्याजोग्या मोजमापाची पद्धत सांगणे.
३. मिळालेल्या आकड्यांचा अर्थ लावून भाग स्वीकारावा की नाकारावा याचे निकष मांडणे.

कॅमशाफ्टचे कार्य

चारधावी इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. म्हणजेच कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्यावर ठरावीक अंतरांनी अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. त्यांना लोब म्हणतात. लोबचा जो भाग गोल असतो तो मूळवर्तुळ होय. टॅपेट मूळवर्तुळावर टेकलेला असताना झडप मिटलेली असते. लोबची चढण सुरू झाली की टॅपेट वर उचलला जातो, तो पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला हलवतो आणि रॉकर झडप उघडतो. लोबचे टोक ओलांडले की हीच क्रिया उलट दिशेने घडते आणि स्प्रिंगच्या जोराने झडप मिटते.

या रचनेवरून कॅमशाफ्टचे तीन मुख्य गुणधर्म निश्चित होतात. पहिला गुणधर्म म्हणजे उचल, अर्थात टॅपेट किती वर जातो. दुसरा म्हणजे कालावधी, अर्थात क्रँकशाफ्टच्या किती अंशांपर्यंत झडप उघडी राहते. तिसरा म्हणजे एकाच सिलिंडरच्या एक्झॉस्ट व इनलेट लोबांच्या टोकांमधील कोन. हे तीन गुणधर्म मोजता आले की कॅमशाफ्टचे स्वरूप बव्हंशी उलगडते.

संदर्भासाठी घेतलेले इंजिन

‘ए’ मालिकेचे इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए-३० या मोटारीबरोबर बाजारात आले. १९५२ साली ऑस्टिन व मॉरिस यांच्या विलीनीकरणातून ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि हे इंजिन मॉरिस मायनर, ऑस्टिन-हीली स्प्राइट, एम.जी. मिजेट व १९५९ साली आलेल्या मिनी या मोटारींत वापरले गेले. १९८० साली मेट्रो या मोटारीबरोबर त्याची सुधारित ‘ए-प्लस’ आवृत्ती आली. मूळ मिनीचे उत्पादन २००० साली थांबले तोवर हे इंजिन तिच्यात बसवले जात होते. ८०३, ८४८, ९४८, ९९८, १०९८ व १२७५ घन सेंटिमीटर अशा विविध क्षमतांमध्ये ते निघाले.

जवळजवळ पन्नास वर्षांच्या या काळात इंजिनाचा मूळ आराखडा फारसा बदलला नाही. त्यामुळे वेगवेगळ्या काळातील व क्षमतांचे भाग पुष्कळदा एकमेकांत बसतात. शिवाय हे इंजिन शर्यतीत लोकप्रिय असल्याने कारखान्याने व स्वतंत्र व्यावसायिकांनी त्यासाठी अनेक प्रकारचे कॅमशाफ्ट तयार केले. बसण्याची सुलभता आणि प्रकारांची विपुलता या दोन कारणांमुळेच या इंजिनाचा अनोळखी कॅमशाफ्ट हा अभ्यासासाठी उत्तम विषय ठरतो.

पहिला टप्पा : बांधणीवरून ओळख

कोणतेही सूक्ष्म मोजमाप घेण्यापूर्वी हा कॅमशाफ्ट मुळात या इंजिनात बसेल काय, याचे उत्तर मिळवावे लागते. ‘ए’ मालिकेचा कॅमशाफ्ट तीन आधारांवर फिरतो. आधारांत फिरणाऱ्या गोल भागांना जर्नल म्हणतात. कॅमशाफ्ट समोरच्या बाजूने ब्लॉकमध्ये सरकवावा लागत असल्याने जर्नलांचे व्यास पुढून मागे कमी होत जातात. पुढील, मधल्या व मागील जर्नलचे व्यास अनुक्रमे सुमारे ४२.३, ४१.२ व ३४.९ मिलिमीटर असतात. याच उत्पादकाच्या मोठ्या ‘बी’ मालिकेत पुढील जर्नल सुमारे ४५.४ मिलिमीटरचा असतो. साध्या व्हर्निअर कॅलिपरने घेतलेली तीन मापे एवढ्यावरच चुकीच्या कुळातील भाग वेगळा काढता येतो.

यानंतर कॅमशाफ्टचे मागील टोक पाहावे. ‘ए’ मालिकेत तेलपंप ब्लॉकच्या मागील बाजूस असून तो कॅमशाफ्टच्या टोकाने फिरवला जातो. ही जोडणी तीन प्रकारची आढळते. सुरुवातीच्या लहान इंजिनांत टोकात आडवी पिन असते. कूपर एस सारख्या १२७५ घन सेंटिमीटरच्या इंजिनांत दातेरी ताऱ्यासारखा दुवा असतो. पुढील काळातील इंजिनांत टोकाला सरळ खाच असते. कॅमशाफ्ट आणि तेलपंप यांची जोडणी एकाच प्रकारची असणे अनिवार्य आहे. येथे ‘जवळपास जुळते’ याला अर्थ नाही, कारण जोडणी न जुळल्यास पंप फिरणारच नाही.

तिसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे इंधनपंपाचा कॅम. यांत्रिक इंधनपंप असलेल्या इंजिनाच्या कॅमशाफ्टवर आठ लोबांखेरीज एक साधे, केंद्रापासून सरकलेले वर्तुळ असते. सुरुवातीच्या मिनी मोटारींत विजेवर चालणारा इंधनपंप असल्याने त्याची गरज नव्हती. हे वर्तुळ नसलेला कॅमशाफ्ट यांत्रिक पंपाच्या इंजिनात बसेल, परंतु पंप चालणार नाही. अखेरीस वितरकाला गती देणारे तिरक्या दात्यांचे चक्र तपासावे. त्याचे दाते धारदार झाले असतील, तर बाकी सर्व जुळूनही तो भाग उपयोगाचा राहत नाही.

दुसरा टप्पा : खुणा आणि त्यांची मर्यादा

बांधणी जुळल्यानंतर स्वाभाविकपणे क्रमांकांकडे लक्ष जाते. कॅमशाफ्टवर सामान्यतः दोन प्रकारच्या खुणा असतात. पहिला प्रकार ओतकामाबरोबर उमटलेल्या, उठावदार अक्षरांचा. दुसरा प्रकार टोकाच्या सपाट भागावर नंतर ठोकलेल्या किंवा कोरलेल्या अक्षरांचा. या दोहोंतील भेद न समजल्यामुळे अनेक चुका होतात.

ओतकामातील क्रमांक हा साच्याचा क्रमांक असतो. एकाच साच्यातून निघालेल्या कच्च्या कॅमशाफ्टवर निरनिराळे लोब घासून निरनिराळ्या प्रती तयार करता येतात. त्यामुळे तो क्रमांक भागाचे कुळ सांगतो, व्यक्ती सांगत नाही. टोकावर ठोकलेला क्रमांक अधिक उपयुक्त असतो, कारण तो बहुधा लोब घासल्यानंतर उमटवला जातो. तथापि हा पुरावाही निर्णायक मानता येत नाही. जुना कॅमशाफ्ट पुन्हा घासून त्याचे लोब बदलण्याची पद्धत सर्वत्र प्रचलित आहे. अशा वेळी मूळ क्रमांक तसाच राहतो आणि त्यामागील वस्तू मात्र बदललेली असते. काही व्यावसायिक स्वतःची आद्याक्षरे ठोकतात, काही ठोकत नाहीत. रंगाचे पट्टे तर तेलात व धुण्यात नाहीसे होतात.

तात्पर्य, खुणांनी शोधाला दिशा मिळते, त्यांनी शोध संपत नाही. खुणा नोंदवून, त्यांचे छायाचित्र घेऊन पुढील टप्प्याकडे वळणे हाच योग्य मार्ग होय. ‘हा शर्यतीचा कॅम आहे’ या विक्रेत्याच्या विधानालाही हेच लागू पडते. विधान खोटे असेलच असे नाही. बहुधा विक्रेत्यानेही ते दुसऱ्याकडून ऐकलेले असते.

तिसरा टप्पा : लोबांचा क्रम

मोजमापाआधी कॅमशाफ्ट दोन इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या ठोकळ्यांवर आडवा ठेवून सावकाश फिरवला असता बरीच माहिती मिळते. ‘ए’ मालिकेत पुढून मागे झडपांचा क्रम एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट असा असतो. प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असतो. या क्रमात पहिला व चौथा सिलिंडर परस्परांपासून क्रँकशाफ्टच्या ३६० अंशांनी, म्हणजेच कॅमशाफ्टच्या १८० अंशांनी दूर असतात. दुसरा व तिसरा यांचेही तसेच.

यावरून एक सुंदर कसोटी हाती येते. पहिल्या लोबचे टोक वर असेल तेव्हा आठव्याचे टोक बरोबर खाली असले पाहिजे. दुसऱ्याच्या विरुद्ध सातवा, तिसऱ्याच्या विरुद्ध सहावा आणि चौथ्याच्या विरुद्ध पाचवा. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ येते. या इंजिनाचे टॅपेट लावताना कारागीर जो नऊचा नियम वापरतात, त्याचे मूळ याच रचनेत आहे : आठवी झडप पूर्ण उघडली असता पहिलीची फट तपासायची, सातवी उघडली असता दुसरीची, याप्रमाणे. अनोळखी कॅमशाफ्ट या कसोटीला उतरला नाही, तर तो या इंजिनाचा नव्हे किंवा त्याचे घासकाम सदोष आहे.

फिरण्याची दिशाही यावरून कळते. कोणत्याही सिलिंडरमध्ये एक्झॉस्ट झडपेपाठोपाठ इनलेट झडप उघडते. त्या दोन लोबांच्या टोकांमध्ये कॅमशाफ्टचे साधारण १०० ते ११५ अंश असतात आणि उलट बाजूने मोजल्यास उरलेले सुमारे २५० अंश. ज्या दिशेने फिरवल्यास पहिल्या लोबनंतर लहान अंतराने दुसरा लोब वर येतो, तीच त्याची खरी दिशा. त्या दिशेने फिरवत प्रत्येक सिलिंडरचे इनलेट लोब पाहिले असता ते दर ९० अंशांनी १, ३, ४, २ या क्रमाने वर यावयास हवेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘बी’ मालिकेतही झडपांचा व प्रज्वलनाचा क्रम हाच असतो. म्हणून लोबांचा क्रम जुळणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. प्रत्येक टप्पा मागील टप्प्याबरोबरच वाचावा लागतो.

चौथा टप्पा : मोजमाप

मोजमापासाठी व्ही ठोकळे, मायक्रोमीटर, डायल गेज आणि अंशांच्या खुणा असलेली चकती एवढी साधने पुरतात. चकती कॅमशाफ्टच्या पुढील टोकाला घट्ट बसवावी. डायल गेजविषयी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ‘ए’ मालिकेत टॅपेटचा तळ जवळजवळ सपाट असतो. टोकदार सुईच्या गेजने लोब मोजला तर कमाल उचल बरोबर मिळते, परंतु चढण केव्हा सुरू झाली याचे वाचन चुकते, कारण सपाट तळ लोबच्या चढणीला सुईच्या आधी स्पर्श करतो. म्हणून गेजच्या टोकाला सपाट पाय लावावा किंवा प्रत्यक्ष टॅपेटच मध्ये घ्यावा.

उचल मोजण्याची ढोबळ रीत सोपी आहे. लोबची टोकापासून तळापर्यंतची उंची मोजावी आणि तिच्यातून मूळवर्तुळाचा व्यास वजा करावा. समजा, उंची ३३.१० मिलिमीटर आणि मूळवर्तुळ २६.६० मिलिमीटर आले, तर लोबची उचल ६.५० मिलिमीटर होते. या इंजिनात रॉकरचे गुणोत्तर साधारण १.२५ आहे, म्हणून झडपेजवळ ती सुमारे ८.१ मिलिमीटर होईल. त्यातून टॅपेटची फट वजा जाता प्रत्यक्ष उघडीप मिळते. मोठ्या कालावधीच्या कॅमशाफ्टमध्ये चढणीचा प्रारंभ बाजूपर्यंत पसरलेला असल्याने मूळवर्तुळाचा व्यास या रीतीने किंचित चुकतो. अशा वेळी गेज मूळवर्तुळावर शून्य करून थेट उचल वाचणे श्रेयस्कर ठरते.

कालावधी मोजताना झडप उघडण्याचा नेमका क्षण पकडणे कठीण असते, कारण चढणीचा आरंभ अत्यंत सावकाश होतो. म्हणून टॅपेटची एक निश्चित उचल ठरवून तिच्यावर अंश वाचतात. अमेरिकी पद्धतीत ती ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर असते. समजा, इनलेट लोबवर टॅपेट वर जाताना ही उचल ७५ अंशांवर आणि खाली येताना १७५ अंशांवर मिळाली. फरक कॅमशाफ्टचे १०० अंश, म्हणून क्रँकशाफ्टचे २०० अंश. या दोन वाचनांचा मध्य १२५ अंश हे त्या लोबचे मध्यस्थान होय. लोबचे टोक काही अंशांपर्यंत जवळजवळ सपाट असल्याने थेट टोकावरून मध्य ठरवू नये. दोन्ही बाजूंच्या वाचनांचा मध्य घेणेच अचूक असते.

त्याच सिलिंडरच्या एक्झॉस्ट लोबवर वाचने ३२७.५ व ६७.५ अंश आली, तर त्याचे मध्यस्थान १७.५ अंश होते. दोन्ही मध्यस्थानांतील अंतर १०७.५ अंश. हा दोन लोबांमधील कोन. आठही लोबांसाठी अशी नोंद करून तक्ता तयार करावा. आठांपैकी एखादाच लोब वेगळा निघाला तर ते झिजेचे लक्षण असते. सर्व इनलेट एक प्रकारचे व सर्व एक्झॉस्ट दुसऱ्या प्रकारचे निघाले तर ते आराखड्याचे लक्षण असते.

आकड्यांचा अर्थ

कारखान्याच्या पुस्तिकेत झडपांचा कालमेळ चार आकड्यांनी दिलेला असतो. ८४८ घन सेंटिमीटरच्या मिनीसाठी ते आकडे ५-४५-४०-१० असे आहेत. इनलेट झडप पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी ५ अंश उघडते व खालच्या टोकानंतर ४५ अंशांनी मिटते. एक्झॉस्ट झडप खालच्या टोकापूर्वी ४० अंश उघडते व वरच्या टोकानंतर १० अंशांनी मिटते. यावरून इनलेटचा कालावधी ५ + १८० + ४५ = २३० अंश आणि एक्झॉस्टचा ४० + १८० + १० = २३० अंश येतो. इनलेटचे मध्यस्थान वरच्या टोकानंतर ११५ − ५ = ११० अंशांवर आणि एक्झॉस्टचे वरच्या टोकापूर्वी ११५ − १० = १०५ अंशांवर येते. दोहोंची बेरीज क्रँकशाफ्टचे २१५ अंश, म्हणजे कॅमशाफ्टचे १०७.५ अंश.

वरील उदाहरणात मोजलेला कोन नेमका एवढाच आला. तथापि यावरून ओळख पटली असे म्हणणे घाईचे ठरेल. अनेक कॅमशाफ्टांमध्ये हा कोन सारखाच असू शकतो. कोन, कालावधी आणि उचल ही तिन्ही एकत्र जुळली तरच तुलना अर्थपूर्ण होते. शिवाय पुस्तिकेतील आकडे आणि १.२७ मिलिमीटरवर घेतलेली वाचने यांची थेट तुलना करता येत नाही. पुस्तिकेतील आकडे निराळ्या, विशिष्ट फटीवर मोजलेले असतात. ज्या अटींवर मूळ आकडे घेतले त्याच अटींवर नवे मोजमाप झाले पाहिजे, हा मापनशास्त्राचा प्राथमिक नियम येथेही लागू होतो.

आता दुसरे उदाहरण पाहू. समजा मोजमापातून ५०-७०-७५-४५ असे आकडे निघाले. येथे दोन्ही झडपांचा कालावधी ३०० अंश होतो. पहिल्या उदाहरणात दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ ५ + १० = १५ अंश होता; येथे तो ५० + ४५ = ९५ अंश आहे. अशा कॅमशाफ्टचे इंजिन उच्च गतीला जोमाने चालते, परंतु मंद गतीला अडखळते, पेट्रोल अधिक घेते आणि शहरातील वाहतुकीत चालकाची परीक्षा पाहते. या कॅमशाफ्टचे नाव ठाऊक नसले तरी तो रोजच्या गाडीसाठी नाही, एवढे निश्चित सांगता येते.

एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. मेजावरील मोजमापातून लोबांचे परस्परांशी नाते कळते. क्रँकशाफ्टशी असलेले नाते कळत नाही. ते साखळीच्या चक्रावर, त्याच्या खुणेवर आणि चावीच्या खाचेवर अवलंबून असते. म्हणून इंजिनात बसवल्यानंतर कालमेळ पुन्हा तपासणे अपरिहार्य ठरते.

झीज व पुनर्घर्षण

बिडाच्या कॅमशाफ्टचे लोब ओतकामाच्या वेळी जलद थंड करून कठीण केलेले असतात. हा कठीण थर मर्यादित जाडीचा असतो. एकदा तो झिजला की खालचा मऊ धातू अतिशय वेगाने घासला जातो. म्हणून लोबच्या टोकावरील खड्डे, खपली निघालेला भाग किंवा टोकाला आलेली अनियमित चमक ही नाकारण्याची कारणे होत.

सपाट टॅपेटच्या इंजिनांत लोबचा पृष्ठभाग एका बाजूला अत्यल्प उतरता घासलेला असतो आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो व झीज सर्वत्र सारखी होते. झिजलेल्या लोबवर संपर्काचा पट्टा पूर्ण रुंदीभर पसरलेला दिसला आणि टॅपेटचा तळ मध्ये खोलगट झालेला आढळला, तर हे फिरणे थांबले होते असे समजावे. प्रत्येक टॅपेट आपापल्या लोबशी जुळलेला असतो. जुन्या कॅमशाफ्टबरोबर त्याचे टॅपेट क्रमवार मिळाले नसतील तर नवे टॅपेट वापरावेत. दुसऱ्या कॅमशाफ्टवर चाललेले टॅपेट कधीही वापरू नयेत.

पुन्हा घासलेला कॅमशाफ्ट ओळखण्याची खूण मूळवर्तुळात सापडते. लोबचे टोक वाढवता येत नाही. म्हणून अधिक उचल मिळवण्यासाठी मूळवर्तुळच लहान करावे लागते. मूळवर्तुळ कारखान्याच्या मापापेक्षा स्पष्टपणे लहान असेल तर पुनर्घर्षण झाले आहे असे मानता येते. त्यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु टॅपेट खाली बसत असल्याने पुशरॉडची लांबी व रॉकरची स्थिती तपासावी लागते आणि कठीण थर किती उरला असेल याचाही विचार करावा लागतो. शेवटी कॅमशाफ्ट कडेच्या दोन जर्नलांवर ठेवून मधल्या जर्नलवर गेज लावावा. सुई डोलली तर कॅमशाफ्ट वाकलेला आहे.

निर्णयाचे निकष

वरील चार टप्प्यांनंतर तीन प्रकारचे निष्कर्ष संभवतात. पहिल्या प्रकारात बांधणी, खुणा व मोजमाप तिन्ही एकमेकांना दुजोरा देतात. येथे ओळख पूर्ण झाली असे म्हणता येते. दुसऱ्या प्रकारात बांधणी जुळते, मोजमाप सुसंगत येते, पण नाव सापडत नाही. असा कॅमशाफ्ट त्याच्या आकड्यांच्या आधारे वापरता येतो. मात्र झडप व पिस्टन यांच्यातील अंतर मऊ मातीचा गोळा ठेवून तपासणे आणि कमाल उचलीला स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडत नाहीत हे पाहणे बंधनकारक आहे. तिसऱ्या प्रकारात पुरावे परस्परविरोधी असतात किंवा झीज स्पष्ट दिसते. येथे किंमत कितीही कमी असली तरी नकार देणेच शहाणपणाचे. इंजिन उघडून पुन्हा जुळवण्याचा खर्च कॅमशाफ्टच्या किमतीच्या अनेक पट असतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने विषयाचे महत्त्व

‘ए’ मालिकेचे इंजिन ब्रिटनचे असले तरी त्याची भावंडे भारतीय रस्त्यांना परिचित होती. हिंदुस्थान मोटर्सच्या अॅम्बेसेडरमध्ये दीर्घकाळ वापरले गेलेले १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ‘बी’ मालिकेचेच होते. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईत कुर्ला येथे तयार झालेल्या प्रीमिअर पद्मिनीची टॅक्सी २०२३ साली शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. अशी वाहने जतन करणाऱ्यांना नवे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत जाणार असून जुन्या भागांच्या बाजारावर विसंबावे लागणार आहे. त्या इंजिनांची मापे निराळी असली तरी प्रस्तुत पद्धत तीच राहते.

दुसरीकडे, सोलापूर हे आज कॅमशाफ्टच्या निर्मितीचे एक महत्त्वाचे केंद्र असून तेथे तयार झालेले कॅमशाफ्ट परदेशातील मोटार कंपन्यांनाही पुरवले जातात. नवा कॅमशाफ्ट तपासण्याचे शास्त्र आणि जुना ओळखण्याचे शास्त्र मूलतः एकच आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना एखादा निनावी कॅमशाफ्ट देऊन त्याची ओळख पटवण्यास सांगणे हा मापनशास्त्र, पदार्थविज्ञान व तर्कशास्त्र यांना एकत्र आणणारा अत्यल्प खर्चाचा प्रयोग ठरू शकेल.

निष्कर्ष

१. अनोळखी कॅमशाफ्टच्या ओळखीचा क्रम बांधणी, खुणा, लोबांचा क्रम व मोजमाप असा असावा. आधीच्या टप्प्यात नापास झालेला भाग पुढे नेऊ नये.
२. ओतकामातील क्रमांक साच्याची ओळख देतो, लोबांची नव्हे. पुनर्घर्षणाच्या शक्यतेमुळे ठोकलेला क्रमांकही मोजमापाने पडताळावा.
३. उचल, कालावधी व लोबांमधील कोन हे तिन्ही गुणधर्म एकत्रितपणे व समान अटींवर मोजले तरच तुलना ग्राह्य ठरते.
४. नाव न सापडणे म्हणजे अपयश नव्हे. कॅमशाफ्ट इंजिनात काय करेल हे आकड्यांनी सांगता आले तर त्याची व्यवहारोपयोगी ओळख पटलेली असते. उलट, नाव माहीत असूनही लोब मोजलेले नसतील, तर तो कॅमशाफ्ट अनोळखीच समजावा.